फताडे पाय आणि बुटातला सुकतळा



लागण, खोडवा, पाण्याच्या पाळ्या आणि खतांचे हप्ते यांवर आपण या अंकांतून नेहमीच वाचता. आजचा विषय थोडा वेगळा आहे. ज्या पायांवर उभे राहून ही सारी शेती चालते, त्या पायांचाच तो आहे. पावलाचं दुखणं मोठं चमत्कारिक. ताप आला, पोटात दुखलं तर माणूस दवाखाना गाठतो. पाऊल दुखलं तर "चालून चालून दुखतंय, निजलं की राहील" म्हणून तेल चोळतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी धरायला जातो. यातली बरीच दुखणी खरोखरच निजलं की राहतात. काही मात्र राहत नाहीत. त्यांतलेच एक सपाट पावलाचे, म्हणजे आपल्या बोलीत फताड्या पायाचे.

या बाबतीत आपल्याकडे दोन गोष्टी नेमक्या उलट्या होतात. ज्या लहान मुलाच्या पायाला काही झालेले नाही त्याच्यासाठी आईबाप शहरात जाऊन महागडे बूट करून आणतात. आणि ज्या पन्नाशीच्या बाईचा एक पाय वर्ष-सहा महिन्यांत आतल्या बाजूला कलंडत चालला आहे, ती 'आता वय झालं' म्हणून गप्प बसते. एका ठिकाणी पैसा फुकट जातो, दुसऱ्या ठिकाणी पाय कायमचा वाकडा होतो. म्हणून सपाट पाऊल केव्हा सोडून द्यावे, केव्हा त्याला आधार द्यावा आणि केव्हा तडक डॉक्टरांना दाखवावे, एवढे नीट सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी पाऊल कसे असते ते पाहू. एका पावलात २६ हाडे असतात. ती सपाट फळीसारखी रचलेली नसून टाच आणि चवडा यांच्यामध्ये, आतल्या बाजूने, कमानीसारखी रचलेली असतात. ट्रकच्या चाकांवरचे पाटे जसे ओझे आले की थोडे दबतात आणि ओझे उतरले की पुन्हा वर येतात, तसेच या कमानीचे काम. ती तीन गोष्टींवर उभी असते: हाडांचा घाट, हाडाला हाड बांधणारे चिवट बंध आणि स्नायू. या स्नायूंत एक फार महत्त्वाचा आहे. तो पोटरीतून निघतो. त्याची दोरी आतल्या घोट्याच्या मागून वळसा घेऊन पावलाच्या आतल्या बाजूला खाली जाऊन चिकटते. कमानीला वरून धरून ठेवणारी ही मुख्य दोरी. हिचे नाव लक्षात ठेवायची गरज नाही, पण जागा ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आपले पाऊल सपाट आहे की नाही हे घरीच कळते. न्हाणीतून बाहेर येताना ओला पाय कोरड्या शहाबादी फरशीवर ठेवावा आणि ठसा बघावा. सर्वसाधारण पावलाच्या ठशात टाच आणि चवडा उमटतो, दोन्हींना जोडणारी पट्टी फक्त करंगळीच्या बाजूला असते आणि आतली बाजू कोरी राहते. गौरी आणताना आपल्या घरी रांगोळीची पावले काढतात, ती अशीच आतून खोलगट असतात. सपाट पावलाचा ठसा मात्र आतल्या बाजूलाही भरून येतो.

पण ठसा भरला म्हणजे रोग झाला असे नव्हे. आता दुसरी तपासणी करायची. भिंतीला हात टेकवून दोन्ही चवड्यांवर उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी मागून, बाजूने बघायला सांगा. चवड्यावर उभे राहिल्याबरोबर जर कमान दिसू लागली, तर पाऊल लवचिक आहे. अशी लवचिक सपाट पावले पुष्कळांची असतात, जन्मभर असतात आणि जन्मभर ती बिनतक्रार चालतात. त्यांना काहीही करू नये. बूट नको, सुकतळा नको, मालीश नको. पूर्वी मुलगी बघायला गेले की तिला चालायला लावून पाय बघायचे आणि फताडी पावले अशुभ म्हणून नाके मुरडायचे. या समजुतीला काडीचाही आधार नाही.

ही काही आमच्या मनची गोष्ट नाही. कॅनडाच्या सैन्यातील सुमारे ३,६०० जवानांची पावले हॅरिस आणि बीथ या दोन डॉक्टरांनी तपासली आणि १९४७ साली अहवाल दिला. नुसत्या सपाट, लवचिक पावलाने जवानांचे काम अडत नाही, असे त्यांना आढळले. त्रास होत होता तो ज्यांची पोटरीची शीर आखूड होती अशा सपाट पावलांना. टाचेच्या मागची जाड शीर ताठ असली की चालताना घोटा पुढे झुकत नाही आणि मग सारा झोक बिचाऱ्या कमानीवर येतो. सपाट पाय दुखत असेल तर पहिली शंका या पोटरीची घ्यावी, ती यासाठी.

भरतीची तयारी करणारी मुले आता गावोगाव आहेत. पहाटे रस्त्याने जाताना त्यांच्या रांगा भेटतात. 'पाय सपाट आहे, आता काय उपयोग' म्हणून यातले कुणी मन मारून बसतो. सैन्यदलाच्या अधिकारी भरतीच्या वैद्यकीय निकषांत याबाबत स्पष्ट लिहिलेले आहे: चवड्यावर उभे राहिल्यावर कमान पुन्हा दिसत असेल, उमेदवार चवड्यांवर नीट उड्या मारू आणि धावू शकत असेल आणि पाऊल लवचिक व वेदनारहित असेल, तर तो उमेदवार चालतो. इतर दलांचे आणि पोलिसांचे नियम वेगवेगळे असतात. ज्या भरतीला जायचे तिची जाहिरात वाचून घ्यावी. सुकतळे घालून कमान वर येते आणि तपासणीत निभावते, असे सांगून ते विकणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नये. तपासणी अनवाणी पायांची होते. सुकतळ्याचा उपयोग पळताना नडगीच्या आतल्या बाजूला किंवा तळव्याला कळ येत असेल तर सरावापुरता होईल, एवढेच.

आता लहान मुलांचे. दोन-तीन वर्षांच्या मुलाचे पाऊल सपाटच दिसते. तळव्याला चरबीची गादी असते आणि बंधही सैल असतात. सहा वर्षांपर्यंत, काहींची दहापर्यंत, कमान आपोआप वर येते. मग बूट घातल्याने ती लवकर येते का? अमेरिकेत टेक्सास राज्यात याची तपासणी झाली. एक ते सहा वर्षांच्या मुलांचे गट पाडून कुणाला खास बूट, कुणाला बुटात आधार आणि कुणाला काहीच नाही, असे तीन वर्षे केले. १९८९ साली निकाल प्रसिद्ध झाला: सगळ्यांची पावले सारखीच सुधारली होती. बुटांनी काही जास्तीचे केले नव्हते.

आपल्या देशातला दाखला तर याहून बोलका आहे. कर्नाटकात मणिपालच्या डॉ. राव आणि डॉ. जोसेफ यांनी २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले आणि १९९२ साली निष्कर्ष मांडले. पायात काही घालणाऱ्या मुलांत सपाट पावले शेकडा ८.६, तर अनवाणी वाढणाऱ्या मुलांत अवघी २.८. त्यातही पुढून बंद असलेल्या बुटांची मुले सर्वांत पुढे, चपला-सँडलवाली त्यांच्या मागे. म्हणजे ज्या बुटाने पाय सुधारावा म्हणून आपण पैसे मोजतो, तोच कोवळ्या पावलाच्या स्नायूंना काम करू देत नाही! पोर अंगणात, ओसरीवर, वाळूत अनवाणी खेळत असेल तर खेळू द्या. अर्थात उकिरड्यावर, तुटलेल्या उसाच्या बुडख्यांत किंवा काट्याकुट्यांत अनवाणी सोडा, असे आम्ही म्हणत नाही. मूल लंगडत असेल, एकच पाय सपाट असेल, चवड्यावर उभे राहूनही कमान येत नसेल, किंवा आठ-दहा वर्षांनंतर खेळून आल्यावर पाय धरून बसत असेल, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. काही मुलांची पावलातली दोन हाडे जन्मतःच एकमेकांना जोडलेली असतात. तसे पाऊल ताठ असते आणि त्याला सुकतळ्याने कधी कधी उलट जास्त त्रास होतो.

इतके वगळून जे राहतात, त्या दुखणाऱ्या सपाट पायांसाठी सुकतळा. चांभाराच्या भाषेत बुटात आतून बसवतात तो सुकतळा. दुकानात मागताना 'इनसोल' किंवा 'आर्च सपोर्ट' म्हटले की कळते. दुखणे कसे असते? दिवसभर काट्यावर, गव्हाणीजवळ किंवा मिलमध्ये सिमेंटच्या जमिनीवर आठ तासांची पाळी उभ्याने केली की संध्याकाळी कमानीत आणि आतल्या घोट्याखाली ठणकते. चिटबॉयचे रानोरान फिरून पोटऱ्या भरून येतात. चपलेची टाच आतल्या बाजूने झिजते. अशांना सुकतळ्याचा बहुधा आराम पडतो.

पण तो काय करतो आणि काय करत नाही, हे समजून घ्या. घडाने वाकलेल्या केळीला आपण टेकू देतो. टेकूने खोड जाड होत नाही. पण टेकू आहे तोवर केळ कलंडत नाही. सुकतळ्याचे तसेच. तो टाच सरळ धरतो, कमान किती दबायची त्याला मर्यादा घालतो आणि त्या आतल्या दोरीवरचा ताण हलका करतो. काढून ठेवला की पाऊल पुन्हा होते तसेच. 'सहा महिन्यांत कमान कायमची वर' असे कुणी सांगितले तर पैसे खिशातच ठेवावेत.

निवड करताना आधी बूट बघा, मग सुकतळा. पोचट बुटात चांगला सुकतळा वाया जातो. बुटाची टाचेकडची वाटी अंगठ्याने दाबून बघावी, ती दबता कामा नये. बूट दोन्ही हातांनी पिळून बघावा, ओल्या धोतरासारखा पिळला गेला तर नको. तो वाकावा तो बोटांपाशी, मधोमध नव्हे. नाडी किंवा पट्टा हवाच. खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि सकाळी बसलेला बूट संध्याकाळी आवळतो.

सुकतळा मऊ हवा असे सगळ्यांना वाटते. दुकानात बोट दाबले आणि लुसलुशीत लागले की माणूस खूष. टाचेखाली घालायच्या जेलच्या गाद्या अशाच असतात. टाचेला बरे वाटते, पण कमान धरायची ताकद त्यांत नसते. आपल्याला हवा तो घट्ट फोमचा किंवा कॉर्कचा, टाचेला खोलगट वाटी असलेला आणि आतल्या बाजूला उंचवटा असलेला. अंगठ्याने जोर लावला तर थोडा दबावा, सपाट होऊ नये. लाकडासारखा कडकही पहिल्या वेळी घेऊ नये. त्यावर उभे राहिले की उंचवटा बरोबर कमानीखाली, टाचेच्या पुढे लागला पाहिजे. चवड्याला टोचत असेल तर तो माप चुकलेला समजावा. माप देऊन करून घेतलेला सुकतळा महाग पडतो. साध्या लवचिक सपाट पायाला आधी तयार मिळतो तो वापरून पाहावा. पाऊल फार वाकडे असेल, दोन पायांत फरक असेल तर माप देऊन करावा.

घालताना बुटातला मूळचा सुकतळा काढून त्या जागी हा बसवावा. एकावर एक दोन घातले की टाच बाहेर निघते आणि बोटे वर घासतात. कारखान्यात लोखंडी टोकाचे बूट घालणाऱ्या कामगारांनी याकडे जास्त लक्ष द्यावे, त्या बुटांत वर जागा कमी असते. एकच पाय दुखत असला तरी सुकतळे दोन्ही बुटांत घालावेत, डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर गोष्ट निराळी. पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी दोन तास, असे वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण दिवसावर यावे. सुरुवातीला पोटरीत, तळव्यात थोडे आंबल्यासारखे वाटेल, ते चालेल. कळ येणे, फोड येणे, मुंग्या येणे चालणार नाही. चार-सहा आठवडे नीट वापरूनही फरक नाही, तर सुकतळा बदलत बसण्यापेक्षा डॉक्टर गाठावा.

आता खरी अडचण. आपल्यातले किती लोक बूट घालतात? रानात टायरची चप्पल, घरी रबरी स्लीपर, लग्नाकार्यात कोल्हापुरी. पाण्याला जायचे तर अनवाणी किंवा गमबूट. कोल्हापुरीसारखे रुबाबदार पायताण नाही हे आम्हांलाही मान्य. पण तिचा तळ सपाट, मागे पट्टा नाही आणि ती पायात राहावी म्हणून बोटांना सतत आवळून धरावे लागते. दुखणाऱ्या सपाट पायाला ती रोजच्या वापराला नको. स्लीपरमध्ये सुटा सुकतळा ठेवणे म्हणजे तर गंमतच, तो चौथ्या पावलाला बाहेर येतो. यावर मार्ग असा की मागे पट्टा असलेली, तळातच कमानीचा उंचवटा असलेली सँडल घ्यावी. किंवा आहे त्या जाड तळाच्या सँडलमध्ये ओळखीच्या चांभाराकडून कमानीच्या जागी रबराचा तासलेला तुकडा चिकटवून, शिवून घ्यावा. जागा दाखवायला ओल्या पायाचा ठसा कागदावर घेऊन जावा. घरात पाय दुखत असेल तर घरातही सँडल घालावी. बायकांचे निम्मे उभे राहणे ओट्यापुढे होते, त्याचा हिशेब कुणी धरत नाही. घरात पायताण नको असा ज्यांचा रिवाज आहे त्यांनी घरापुरता वेगळा, स्वच्छ जोड ठेवावा.

ओल्या सरीत, चिखलात सुकतळ्याचा उपयोग नाही, हे मोकळेपणी सांगितले पाहिजे. गमबुटात तो घालता येतो. पण रोज बाहेर काढून सावलीत वाळवावा, नाहीतर कुजतो आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या ऊसतोड भगिनीला सुकतळा घे म्हणून सांगणे सोपे आहे. तिला आधी पायात घट्ट बसणारे, न घसरणारे पायताण मिळाले पाहिजे. मुकादमांनी आणि आपण सर्वांनी हे मनावर घ्यायला हरकत नाही.

सुकतळ्याच्या जोडीला एक व्यायाम मात्र जरूर करावा. त्याला पैसा लागत नाही. भिंतीकडे तोंड करून हात भिंतीला टेकवावेत. एक पाय मागे ठेवावा, त्याचा गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली, बोटे सरळ भिंतीकडे. पुढचा गुडघा वाकवून पोटरीला ताण बसेपर्यंत झुकावे आणि ३० पर्यंत आकडे मोजावेत. दोन्ही पायांना तीन-तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. झटके देऊ नयेत. ज्यांची पोटरी ताठ आहे त्यांना सुकतळ्याइतकाच याचा गुण येतो. वजन जास्त असेल तर तेही उतरवायला हवे. कमानीला तुमचे सगळे ओझे दर पावलाला पेलावे लागते.

साखर पिकवणाऱ्यांच्या पत्रिकेत साखरेच्या आजाराचे नाव काढावे लागते, त्याला इलाज नाही. मधुमेह असलेल्यांनी दुकानातला कडक आर्च सपोर्ट आपल्या मनाने घालू नये. पायाची जाणीव कमी झालेली असते, सुकतळा घासतो, जखम होते आणि रक्त दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. पूर्वी वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी बारीक छिद्रांच्या मऊ रबराची पायताणे वापरात आणली. तेच एमसीआर रबर आज मधुमेहींच्या चपलांत असते. त्याने दाब पसरतो. कमानीचा आधार त्यावर किती आणि कसा द्यायचा, हे पाय तपासून डॉक्टरांनीच ठरवावे.

शेवटी त्या दोरीकडे वळू, जिची जागा लक्षात ठेवायला सांगितली होती. चाळिशी-पन्नाशीनंतर, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आणि विशेषतः अंगाने स्थूल, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांत, ही दोरी सुजते, ताणत जाते आणि काही वेळा तुटते. मग आजवर चांगले असलेले पाऊल सपाट होऊ लागते, बहुधा एकाच पायाचे. सुरुवातीला आतल्या घोट्याच्या मागे आणि खाली दुखते, सूज येते. मागून पाहिले तर त्या पायाची बोटे बाहेरच्या बाजूला जास्त दिसतात. भिंत धरून त्या एकाच पायाच्या चवड्यावर उभे राहायला जावे तर टाच उचलतच नाही. ही खूण पक्की ध्यानात ठेवा. पुढे पुढे आतले दुखणे कमी होऊन बाहेरच्या घोट्याखाली दुखू लागते, तेव्हा माणसाला वाटते बरे होत आले. प्रत्यक्षात हाडावर हाड दाबू लागलेले असते.

सुरुवातीच्या काळात विश्रांती, काही आठवडे बूट-पट्ट्याचा आधार, मग माप घेऊन केलेला सुकतळा आणि व्यायाम एवढ्यावर पुष्कळांचे निभावते. सांधे ताठ झाल्यावर मात्र हाडे जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया सांगावी लागते. तेव्हा एका पायाचे पाऊल नव्याने बसू लागले असेल तर सुगीची, हंगामाची वाट पाहू नये. जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयातील अस्थिरोग विभागात दाखवावे. माप घेऊन सुकतळे, पट्टे आणि बूट करण्याची सोय मुंबईला हाजी अलीजवळच्या केंद्र सरकारच्या भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत आहे. जाताना रोजच्या वापरातली जुनी चप्पल किंवा बूट बरोबर न्यावेत, धुऊन-पुसून नको, आहेत तसेच. त्यांची टाच कोणत्या बाजूने झिजली आहे यावरून डॉक्टरांना पुष्कळ कळते.